नागप्पाचं बोट

नागप्पाला जाऊन अकरा दिवस झाले होते. भर दुपारी लाईट आली आणि आजही पेटीतला हिरवा दिवा आपोआप लागला. व्यंकटीनं वळून पाहिलं. पेटीजवळ कुणीच नव्हतं.

उदगीर जिल्हा होणार म्हणून चौकाचौकात फलक झळकत होते. नळाला मात्र महिनोन्‌महिने थेंब नव्हता. बोअरच्या टाकीतलं पाणी तीन गल्ल्यांना अगदी सारखं मिळावं, भांडणं मिटावीत, म्हणून रेडिओ दुरुस्त करणाऱ्या व्यंकटीनं ही पेटी जुळवली होती. तीन गल्ल्या, तीन व्हॉल्व्ह, तीन चिप आणि तिघींना मिळून ठोके देणारा एकच क्रिस्टल. त्याच्या ठोक्यावर तिघी चालायच्या. पण तिघींचा भार त्या चिमुकल्या क्रिस्टलला पेलवेना. त्याच्या तारेच्या पायाला बोट लावलं की ठोके सुरू होऊन हिरवा दिवा लागे, काढलं की बंद!

"पाणी सरंपर्यंत मी उभा राहतो की," टाकीची राखण करणारा नागप्पा हसून म्हणाला.

क्रिस्टल आणि तिघींच्या मधे भार उचलणारी आणखी एक चिप बसवली की बोटाशिवाय काम भागणार होतं. व्यंकटी रोज म्हणायचा, उद्या बसवतो. नागप्पा रोज दोन तास बोट लावून उन्हात उभा राहायचा. एके दुपारी तो तिथेच कोसळला.

माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पेटी बोटाशिवाय चालू लागली. गल्ल्यांनी व्यंकटीला बजावलं, चालतंय ना, मग हात लावायचा नाही. आणि नागप्पाची बायको गंगम्मा! रोज घागर न घेता यायची, पाणी सरेपर्यंत पेटीजवळ उभी राहायची. नवऱ्याची सोबत मिळते बिचारीला, असं व्यंकटीला वाटे. तेवढीही हिरावून घ्यायची त्याची छाती होईना.

आजही ती आली. पेटीसमोरच्या तापलेल्या, रिकाम्या फरशीकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "व्यंकटीभाऊ, ती चिप बसवा."

"वैनी, आन समदंच बंद पडलं तर? तिन्ही गल्ल्यांनी प्यायचं काय?"

"ते म्हाईत न्हाई." गंगम्मानं फरशीकडे बोट केलं. "आमच्यात माणसाला बसवून माती देतात, भाऊ. माझ्या माणसालाबी बसवलं. तुमी त्याला अजूनबी रोज उन्हात उभं करताय."