चवीपुरतं

"पुन्हा चोरून मीठ दिलंत ना बाबांना?"

रियाने सासूला दवाखान्याच्या जिन्यातच गाठलं. आत अतिदक्षता विभागात सासरे, काशिराम, बेशुद्ध होते. नाडी मंदावत चालली होती. रियाचा संताप काही आवरत नव्हता.

"नाय गो पोरी," गंगाबाई कळवळल्या. "तुज्या गळ्याची आन. तू बरणी मोरीत ओतलीस, तवापासून मी खड्याला हात नाय लावला."

रियाने मान फिरवली. म्हातारीच्या आणाभाकांवर विश्वास तरी किती ठेवायचा! काशिरामांचा जन्म गेला गव्हाणच्या मिठागरात. हृदय थकलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं, तसं त्यांनी जेवणच टाकलं. "हे काय कालवन हाय? नुसतं गरम पानी!" म्हणून ताट सरकवायचे. मग गंगाबाई हळूच मुठीत दोन खडे सरकवायच्या. पाय सुजायचे, दम लागायचा. शेवटी रियाने ती बरणीच रिकामी केली, आणि मॉलमधून कमी सोडियमचं मीठ आणलं. पाकिटावर लाल बदाम काढलेला. काय सांगू, म्हातारा बोटं चाटून जेवायला लागला! "सून माजी लाखाची," म्हणून गावभर सांगत सुटला. मीठ घालताना रियाचाही हात खुशीने सैल सुटला. काल मात्र काशिरामांच्या पायातलं बळच गेलं, आणि आज सकाळी ते अंगणात कोसळले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रिया पुढे धावली. "मिठानेच झालं ना हे?"

"हो."

रियाने सासूकडे जळजळीत पाहिलं. गंगाबाईंनी मान खाली घातली.

"पण साध्या मिठाने नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घरात कमी सोडियमचं मीठ वापरता का? त्यात पोटॅशियम असतं. यांच्या गोळीने ते शरीराबाहेर पडत नाही, साठत जातं. त्यानेच हृदय थांबलं. आम्ही खूप प्रयत्न केले. सॉरी."

रिया भिंतीला टेकून खाली बसली.

गंगाबाईंना त्यातलं फक्त हृदय थांबल्याचं कळलं. त्यांनी हंबरडा फोडला. मग सुनेला रडताना पाहून त्या डोळे पुसत तिच्याशेजारी टेकल्या आणि तिचं डोकं त्यांनी कुशीत घेतलं.

"नको रडू गो. तुज्याच मिठानं तर इतके दिस जगवलं त्यांना."