ओळखपत्राचा फोटो

सिनेमाविरुद्ध रान उठवलं तर भास्करेट्टनची आमदारकीची उमेदवारी पक्की. नाही तर आणखी पाच वर्षं दुसऱ्यांच्या सभांना खुर्च्या मांडायच्या. पडद्यावरचा पुढारी सहानुभूतीसाठी स्वतःच्याच कार्यकर्त्याचा जीव घेतो, हे त्याला फार झोंबलं होतं. "आमच्या पय्यन्नूरमध्ये असली माणसं असतात का हो?" असं माइकवर गरजत त्याने दहा वाजता थिएटरवर मोर्चा नेला. पोलीस समोर उभे होते, दगड मात्र मागून आला आणि त्याचाच कार्यकर्ता असलेल्या सजीवनच्या डोक्यात बसला.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, वाचलाय." सजीवनची बायको रमणी रडता रडता हसली.

"नक्की ना, डॉक्टर?" भास्करेट्टनने पडल्या चेहऱ्याने दोनदा विचारलं.

नवऱ्याचे कपडे आणायला रमणी घरी निघाली, तर चौकात दोघे जण घाईघाईने एक फलक उतरवत होते. 'हुतात्मा सजीवन अमर रहे!' वर सजीवनचा लग्नातला हसरा फोटो, शेजारची रमणी कापून टाकलेली.



"ओळखपत्राला लागतोय गं," म्हणून तो फोटो भास्करेट्टनने तिच्याकडून सकाळी आठलाच नेला होता.