खळ्यावरचा वाटा

गोऱ्या पाद्र्यानं बूट खळ्याच्या बाहेर काढले, तेव्हाच झुंबरबाईला कळलं की याला घरातल्याच कुणीतरी शिकवून पाठवलंय. नाहीतर ही माणसं बूट घालून चुलीपर्यंत येतात.

खळ्याच्या मधोमध भाताची रास होती. तिचा दीर कोंडाजी पायलीनं मोजत होता, आणि मोजताना बोलायचं नसतं म्हणून सगळे गप्प होते. झुंबरबाई पेंढ्यावर बसली होती. तिचा धाकटा लेक बजरंग राशीच्या पलीकडे खराटा घेऊन उभा होता. पाद्री दिसला तसा तो मन लावून झाडू लागला. झाडायला तिथं काही उरलं नव्हतं.

पाद्री म्हणजे कोण, तर अठरा-एकोणीसचं पोर. ओठावर मिशी नाही, उन्हानं कान लालभडक. कामशेतापासून सायकल दामटत आलेला. हॅट काढून त्यानं हातात धरली.

"नमस्कार, आई."

"आई नगं म्हणू. तुला म्या न्हाई पोटात वागवला."

कोंडाजीची पायली हातातच राहिली. रास मोजताना खळ्यावर जो येईल, तो भिकारी असो की वैरी, त्याला रिकाम्या हातानं परत लावत नाहीत. लावला तर राशीची बरकत जाते. हे झुंबरबाईला तिच्या सासूनं शिकवलेलं, आणि तिनं बजरंगला.

"सूप भरा, भावजी," ती म्हणाली. "द्या आन् वाटंला लावा त्याला."

"मला भात नको," पाद्री म्हणाला. त्याचं मराठी धुऊन इस्त्री केलेलं. "मी बजरंगला मागायला आलो आहे. रविवारी लोणावळ्याला त्याचा बाप्तिस्मा आहे. पुढे तो आमच्याकडेच राहील. पण तो म्हणतो, आईने दिल्याशिवाय येणार नाही. आणि खळ्यावर मागायला आलेल्याला तुम्ही नाही म्हणत नाही."

खराटा थांबला.

झुंबरबाईनं लेकाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाद्र्यालाच विचारलं, "शिकलास किती?"

"मोठी शाळा संपली. मग बोटीने इकडे आलो."

"शाळा सुटली की पोरं घरला जात्यात. तू हितं कुटं आलास?"

"मला देवाने बोलावलं."

"बोलावलं देवानं, आन् आलास माझ्या खळ्यावर." पेंढ्या रचणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. "तुझी आई हाय का?"

"आहे."

"आजून पोरं हायती तिला?"

"मी एकटाच. तिने मला देवाला दिलं."

"आमी देवाला कोंबडं देतो," झुंबरबाई म्हणाली.

पोराचे कान आणखी लाल झाले, पण ते जागचं हललं नाही. हट्टी होतं. कुणाच्या तरी हट्टी बाईचंच असणार.

"बोटीवर बसवायला आलती ती?"

पाद्री हॅटची कड चाचपत राहिला. मग म्हणाला, "नाही. ती घरीच राहिली."

"मंग तिनं न्हाई दिला. तूच निघून आलास. उगं तिच्या नावावर खपवू नगंस."

झुंबरबाई पेंढ्यावरून उठली आणि आता कुठं लेकाकडे वळली.

"बजरंगा. तुला जायाचं हाय?"

"तू व्हय म्हण, आई."

"म्या इचारते काय, तू सांगतोस काय? जायाचं हाय का न्हाई?"

बजरंग खराट्याकडे बघत म्हणाला, "हाय."

"माझ्या तोंडून व्हय घेऊन जायाला बघत व्हतास. उंद्या कुणी इचारलं तर सांगायला, आईनंच धाडला." तिनं हात झटकले. "भावजी, सूप भरा."

कोंडाजीनं सूप भरलं. झुंबरबाईनं ते त्याच्या हातातून घेतलं आणि पाद्र्याच्या हॅटमध्ये रिचवलं. काठावरून दाणे सांडले. पोरानं दोन्ही हातांनी हॅट छातीशी धरली.

"खळ्यावर काय द्यायाचं ते धनी ठरवतो, मागणारा न्हाई," ती त्याला म्हणाली. मग रिकामं सूप कोंडाजीपुढं धरलं. "आजून एक भरा."

"आता हे कुणाला?"

"बजरंगाला."

कोंडाजी तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "वहिनी, घरच्या माणसाला कुटं खळ्यावर वाटा देत्यात? घरचा कणगीतनं खातो."

"न्हाई देत. भरा."

पेंढ्यांपाशी आता कुणी हसत नव्हतं. बजरंगच्या हातून खराटा पडला. "मला नगं, आई."

"मोजताना जो खळ्यावर असंल, त्याला रिकामा लावायचा न्हाई. माझ्या राशीची बरकत मला घालवायची न्हाई. उपरणं पसर."

पाद्र्याला वाटलं, ही लेकाची पाठवणीच चाललीय. त्याचा सगळा चेहरा उजळला. "देव तुमचं भलं करो," तो म्हणाला, आणि बूट घालायला खळ्याबाहेर गेला.

बजरंगनं खांद्यावरचं उपरणं काढलं. ते राशीच्या कडेला पसरून, दोन टोकं धरून, मान खाली घालून बसला. त्यानं वर आईच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर कदाचित बसला नसता.

झुंबरबाईनं सूप कलतं केलं. दाणे सरसरत खाली आले. सूप रिकामं झालं. तरी ती ते त्याच्या उपरण्यावर झटकत राहिली, झटकतच राहिली.