गोळीचा आवाज

घरी सोडल्याला आठवडा होत नाही तोच बापू खरमाटे धापा टाकत पुन्हा इमर्जन्सीत हजर झाले. डॉक्टर पेडणेकर चक्रावल्या. प्रत्येक गोळीत बारीक चिप होती; पोटात उतरली की गोळी दवाखान्याला आपणहून कळवायची, आणि पडद्यावर बापूंची एकही गोळी चुकलेली नव्हती.

“आजोबा, पथ्य मोडलंत?”

“छे हो! मिठाकडे बघितलंसुद्धा नाही.”

डॉक्टरांनी सकाळच्या गोळीचा माग घ्यायला बापूंच्या पोटावर यंत्र फिरवलं. यंत्र वाजलंच नाही. तेवढ्यात उशी सारखी करायला त्यांची बायको द्वारकाबाई वाकल्या आणि यंत्र टणटणायला लागलं.

द्वारकाबाई बावरल्या. “ह्यांनी ताकदीची गोळी म्हणून रोज दिली, ती घेतली. गुण आला हो, आता जिना न थांबता चढते.”

“आजोबा, हृदयाची गोळी वाटायचा प्रसाद आहे का?” डॉक्टर भडकल्या.

“तिलाही माझ्यासारखीच धाप लागायची,” बापू पुटपुटले. “दवाखान्यात चल म्हटलं की एकच पालुपद, आधी तुम्ही बरे व्हा.”

डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवलं. मग वळून म्हणाल्या, “सिस्टर, शेजारची खाट आजींसाठी तयार करा.”

“अगं बाई, माझं काय घेऊन बसलात?” द्वारकाबाई म्हणाल्या. “आधी ह्यांचं बघा!”