नळी जोडून ठेवायची

कमावत्या मुलाने हौसेने पाळलेल्या मुंग्या आता जुन्या काचघरात मावेनाशा झाल्या होत्या. त्याने शेजारी नवे, मोठे काचघर ठेवले, दोहोंमध्ये एक नळी जोडली आणि तो वाट पाहत बसला. सामानाची बांधलेली खोकी भिंतीशी तयार होती. शनिवारी सारे कुटुंब नव्या फ्लॅटमध्ये जाणार होते. आईचे कपाट तेवढे अजून भरलेलेच होते.

"बघत काय बसलायस? उलटं कर आणि ओत की," आई म्हणाली.

"ओतायच्या नसतात गं. बिथरतात. नळी जोडून ठेवायची, पुढचं त्यांच्या मनावर."

"किती दिवस?"

"कधीकधी महिनासुद्धा."

"वा रे वा! मुंग्यांना महिना, आणि जन्मदात्या आईला शनिवार!"

मुलगा नळीचे टोक नीट बसवू लागला. मग आईनेच विचारले, "आणि राणी कधी जाते?"

"सर्वांत शेवटी. आधी चारदोन कामकरी जागा पाहून येतात. त्यांना पटली, तरच तिला नेतात."

"शहाणी आहे हो तुझी राणी."

दुसऱ्या दिवशी तो नव्या फ्लॅटमध्ये पडदे लावत असताना आईच्या तीन शेजारणी धापा टाकत दारात उभ्या राहिल्या. "तिनं पाठवलंय," एवढेच सांगून पहिलीने नळ सोडून पाहिला, दुसरी आईच्या खोलीतल्या खिडकीत ऐसपैस बसली. तिसरीने मात्र घराकडे ढुंकूनही पाहिले नाही.

"खोल्या चांगल्याच असणार रे," ती म्हणाली. "आमच्याकडून इथं यायला थेट बस आहे का, तेवढं सांग."