आतली कडी

“मिस्त्री, डोकं गहाण ठेवून आलात का? तिजोरीच्या खोलीला कडी आतून?” जावई खेकसला.

सासरे म्हणाले, “मीच सांगितली. दागिने बघत बसलं की मागून कुणी यायला नको.”

जावयाने मनातल्या मनात कोपरापासून नमस्कार केला. म्हाताऱ्याची हौस! पण दागिने शेवटी बायकोचेच, म्हणजे फिरून आपल्याच घरात. माहेरी येऊन बसलेल्या तिला घेऊनच परतायचं, असं ठरवून तो आला होता. ‘आधी तळघरातली खोली होऊ द्या, मग लेकीचं बघू,’ असं सासरे म्हणाले. म्हणून हा गडी स्वतः आठवडाभर विटा वाहत होता. खांदे सोलवटले, पण हटला नाही.

सासरेही हट्टाला पेटले होते. गुडघे कुरकुरत असूनही प्रत्येक वीट ठोकून बघत. छताजवळ त्यांनी झरोका ठेवायला लावला.

“सोन्याला श्वास कधीपासून लागायला लागला?” जावई हसला.

“ओल धरायला नको,” सासरे म्हणाले.

लेक चहा घेऊन खाली यायची. उकाड्यातही लांब बाह्या, नजर जमिनीकडे. एकदा सासऱ्यांनी तिला दाराशी उभं केलं आणि कडी तिच्या हाताशी येईल अशी बसवून घेतली.

“रुसवा अजून उतरला नाही वाटतं,” जावई म्हणाला. ती वर निघून गेली.

काम संपलं त्या सकाळी सासऱ्यांनी त्याला हाक मारली. “जावईबापू, आतून कडी लावलीय. फोडा बघू दार. हातचं राखू नका.”

“मिस्त्रीला कोंडलंत की काय? आणि मोडलं तर?”

“तर आणखी भक्कम करू. तुमच्या बाथरूमचं दार तुम्ही एका लाथेत पाडलंत म्हणे.”

“ते अडकलं होतं,” जावई घाईने म्हणाला.

मग तो इरेला पेटला. खांदा झाला, लाथा झाल्या, शेवटी पहार झाली. दार ढिम्म हललं नाही. घामाघूम होऊन त्याने जमिनीवरच बसकण मारली.

“मानलं बाबा तुम्हाला! कुणाचा बाप आला तरी हे दार फुटायचं नाही. आता बिनघोर झोपा.”

सासऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दारावर हलकेच टकटक केलं.

“ऐकलंस ना, बाळा? त्याच्याच तोंडून ऐकलंस.”

झरोक्यातून लेकीचा आवाज आला, “हो बाबा. आता त्याला जायला सांगा.”