हरेल तो

हल्ली ऑफिसातून आलेला हेरंब कधीकधी साहेबाला शिव्याच घालत नसे. तिथेच वृंदाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आज तिने चहाचा कप देताना त्याचा अंगठा निरखून पाहिला. विळीने कापल्याची जुनी खूण तिथे नव्हती.

छंदांना वेळ मिळेना म्हणून हेरंबने वर्षापूर्वी आपलं प्रतिरूप बनवून घेतलं होतं. खऱ्याने नोकरी करायची, प्रतिरूपाने घरी पेटी वाजवायची, चित्रं काढायची आणि रात्री दोघांनी आठवणी वाटून घ्यायच्या, असं ठरलं होतं.

वृंदा तडक आतल्या खोलीत गेली. पेटी वाजवणाऱ्याच्या अंगठ्यावर ती खूण होती.

"म्हणजे ऑफिसला तू जातच नाहीस?"

"जातो की," तो ओशाळला. "पेटी दोघांनाही हवी असते गं. म्हणून रोज सकाळी छापा-काटा करतो. हरेल तो बाहेर जातो."

एव्हाना दुसराही कप घेऊन दारात येऊन उभा राहिला होता.

"आणि लग्नाच्या वाढदिवसाला माझ्याबरोबर महाबळेश्वरला कोण आलं होतं?"

पेटी थांबली. दोघांनीही एकदमच मान खाली घातली.

"हरला होता तो," दारातला हळूच म्हणाला.